शुगर-बीपीवाल्यांनी मनाची गोळी घेऊ नये?

खानापूर, निपाणी, चिकोडीकडे एक समज पक्का बसलाय: शुगर-बीपीच्या माणसाला मनाच्या आजाराची गोळी सोसत नाही, वर सवय लागते. हे चूक आहे. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची, ज्या झोपेसाठी म्हणून वर्षानुवर्षे घेतल्या जातात. नैराश्यावरच्या सर्ट्रालिनचे तसे नाही. दीर्घ आजारात ती बहुधा २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. सुरुवातीला मळमळ होते, गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, आणि नेमकी तेव्हाच लोक ती सोडतात. बरे वाटल्यावरही किमान ६ महिने घ्यायची, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची. एकदम तोडली की चक्कर, बेचैनी होते. त्यालाच सवय समजले जाते.

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, गुडघेदुखीची डायक्लोफेनॅकसुद्धा. सर्ट्रालिन आणि डायक्लोफेनॅक एकत्र घेतल्यास पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर सर्ट्रालिनसोबत वयस्कर माणसाच्या रक्तातले सोडियम तपासावे लागते. मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या, थायरॉईडही. थकवा तिथूनही येतो.

धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचे सरकारी रुग्णालय आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. जगणे नकोसे वाटत असेल तर आजच लावा.