एसीचा कुबट वास

एसी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे येणारा ओलसर, कुबट वास ही घरगुती एसीबद्दलची नेहमीची तक्रार आहे. ओले कपडे बादलीत तसेच राहिले की सुटतो, त्याच जातीचा हा वास असतो. कधी तो आंबूस असतो, कधी वापरलेल्या पायमोज्यांसारखा. बहुतेक वेळा यंत्रात बिघाड झालेला नसतो. इनडोअर युनिटच्या आत पाणी अडकलेले असते आणि त्या ओलीवर जीवाणू व बुरशी पोसली जात असतात. त्यामुळे तो घालवण्याचा खरा उपाय म्हणजे आतला मळ काढणे आणि ओल टिकू न देणे.

ही ओल येते ती एसीच्या कामातूनच. अमेरिकन अभियंते विलिस कॅरियर यांनी 1902 साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, तेव्हा हेतू माणसांना गारवा देण्याचा नव्हता. दमट हवेत कागद फुगायचा-आकसायचा आणि रंगीत छपाई जागेवर बसायची नाही, म्हणून हवेतले बाष्प काढायचे होते. आजचा एसीही गार करता करता तेच करतो. चालू असताना त्याची कूलिंग कॉइल साधारण 5 ते 12 अंश सेल्सिअसवर असते. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसे तिच्यावर पाणी जमते. दमट दिवसांत एक टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. ते कॉइलच्या ॲल्युमिनियम पात्यांवरून ओघळून ट्रेमध्ये आणि तिथून ड्रेन पाइपने बाहेर जाते. मात्र या पात्यांमधली फट जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असते, आणि एसी बंद केल्यावर तिच्यात थोडे पाणी राहतेच.

जीवाणू-बुरशीला अन्नही आयते मिळते. फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ, त्वचेचा कोंडा, कपड्यांचे तंतू, स्वयंपाकाची तेलकट वाफ, सगळे ओल्या कॉइलला चिकटते. त्यावर क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम, ॲस्परजिलस अशा बुरशी आणि जीवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, आणि त्यांच्या वाढीतून वासाची संयुगे सुटतात. ओलसर जागी सापडणाऱ्या अशा संयुगांपैकी एक म्हणजे जिओस्मिन. पहिल्या पावसाच्या मृद्गंधात जे हवेहवेसे वाटते, तेच बंद खोलीत नकोसे होते. पाण्यात लिटरमागे काही नॅनोग्रॅम जिओस्मिन असले तरी माणसाला ते जाणवते, त्यामुळे अगदी पातळ थरही पुरतो. कॉम्प्रेसर थांबून कॉइल कोमट होऊ लागली की पाण्याबरोबर वासही उडतो. म्हणून तो मधूनच येतो आणि मधूनच गेल्यासारखा वाटतो.

‘गॅस लीक झाला असेल’ हे या वासाचे नेहमी ऐकू येणारे पण बहुधा चुकीचे निदान आहे. आर-32 किंवा आर-410ए यांसारख्या गॅसना जवळजवळ वास नसतो. गळती ओळखायची ती गारवा कमी झाल्यावरून किंवा कॉइलवर बर्फ धरल्यावरून. गॅस भरून कुबट वास जात नाही. तसेच, घरगुती स्प्लिट एसी सहसा बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. त्यामुळे सिगारेटचा किंवा फोडणीचा वासही त्यात मुरतो. वास कुजका असेल तर आत पाल किंवा उंदीर मेला आहे का, आणि ड्रेन पाइप थेट गटाराला तर जोडलेला नाही ना, हे पाहावे. जळका वास मात्र वेगळाच प्रकार आहे: एसी ताबडतोब बंद करून एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडावा आणि मेकॅनिकने तपासेपर्यंत पुन्हा लावू नये.

सफाईत फिल्टर सर्वांत सोपा. रोजच्या वापरात तो दर दोन आठवड्यांनी कोमट पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा. पण अनेक घरांत सफाई तिथेच संपते आणि वास राहतो, कारण तो ब्लोअरमध्ये, म्हणजे हवा खोलीत फेकणाऱ्या आतल्या पंख्यात असतो. मेन स्विच बंद करून हवेच्या झडपेतून टॉर्चचा उजेड आत टाकावा. लांबट दंडगोल पंख्याच्या पात्यांच्या खोबणीत काळे ठिपके किंवा मखमलीसारखा करडा थर दिसला, तर खोलीत येणारी सगळी हवा त्यावरूनच येते आहे. दमा किंवा ॲलर्जी असलेले माणूस त्या खोलीत झोपत असेल, तर हे काम पुढे ढकलू नये. कॉइल, ब्लोअर आणि ट्रे मेकॅनिककडून पाण्याच्या जेटने धुऊन घ्यावेत. त्या वेळी सर्किट बोर्ड झाकलेला हवा. घरी करायचेच तर वीज बंद करून मऊ ब्रश फक्त कॉइलच्या पात्यांच्या दिशेने फिरवावा, आडवा फिरवला की पाती दुमडतात. ब्लीच वापरू नये, ते ॲल्युमिनियम खाते. व्हिनेगरमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन सुटतो. एअर फ्रेशनर फक्त वासावर वास चढवतो. ओझोन सोडणारी यंत्रे फुप्फुसांना घातक असल्याने राहत्या खोलीत नकोतच.

धुतल्यानंतर खरे काम उरते ते वाळवण्याचे. एसी बंद करण्यापूर्वी 20-30 मिनिटे नुसता फॅन मोड चालवावा. ड्राय मोडच्या नावाने इथे फसगत होते: तो खोलीतली हवा कोरडी करतो, पण त्यासाठी कॉम्प्रेसर चालतो आणि कॉइल ओलीच राहते. काही मॉडेलांत बंद झाल्यावर आपोआप पंखा फिरवून आतला भाग वाळवण्याची सोय असते. असेल तर ती चालू ठेवावी. हंगाम संपताना दोन-तीन तास फॅन चालवूनच युनिटवर आच्छादन घालावे, नाहीतर ओल आतच कोंडली जाते.

एवढे करूनही आठवड्याभरात वास परतला, तर ट्रेमध्ये पाणी साचते आहे असे समजावे. युनिट भिंतीवर उलट्या बाजूला कललेले असते किंवा ड्रेन पाइपला मध्येच झोळ पडलेला असतो. युनिट योग्य पातळीत बसवून आणि पाइपला सलग उतार देऊन हे दुरुस्त होते.