अभाववाचक शब्द, इंग्रजीतील

एखादी वस्तू, व्यक्ती किंवा गुण नसणे अथवा अपुरा असणे दर्शविणारे इंग्रजी शब्द, उपसर्ग व प्रत्यय. ‘नो’, ‘नॉट’ यांसारखी केवळ वाक्यातील नकार दाखविणारी रूपे या नोंदीत घेतलेली नाहीत.

‘-लेस’ हा या वर्गातील सर्वांत रुळलेला प्रत्यय. ‘कमी’ या अर्थाच्या ‘लेस’ शब्दाशी त्याचे नाते नाही. आज दोहोंचे लेखन एकच असल्याने ‘होमलेस’ची चुकीची फोड सहज सुचते, म्हणून हे आवर्जून सांगायला हवे. तुलनावाचक ‘लेस’ जुन्या इंग्रजीतील ‘लॅस’पासून आला, प्रत्यय मात्र ‘लेआस’ या वेगळ्या विशेषणापासून. ‘लेआस’चा अर्थ ‘सुटलेला, विरहित’. जर्मन ‘-लोस’ त्याचाच भाऊबंद. इंग्रजी ‘लूझ’ (हरवणे), ‘लॉस’ आणि नॉर्समधून (जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतून) आलेला ‘लूस’ (सैल) हेही त्याच कुळातले. ‘लेआस’चा ‘खोटा’ असाही अर्थ होता. त्यातून झालेले ‘लीझिंग’ (असत्य) हे नाम १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये चौथ्या स्तोत्रात आढळते. पुढे ते लोपले. प्रत्यय टिकला, पण त्याने धरून ठेवलेली काही मूळ नामे मागे पडली : ‘रूथलेस’मधील ‘रूथ’ (दया) आज स्वतंत्रपणे क्वचितच दिसते, तर ‘फेकलेस’मधील ‘फेक’ हे ‘इफेक्ट’चे स्कॉट्स बोलीतील आखूड रूप होय. आरंभी नामांनाच लागणारा हा प्रत्यय साधारणपणे सोळाव्या शतकापासून क्रियापदांनाही लागू लागला (‘टायरलेस’ – न थकणारा). ‘प्राइसलेस’मध्ये किंमत नसणे म्हणजे किंमत करता न येणे, मराठी ‘अमूल्य’चीही घडण तशीच आहे.

उपसर्गांपैकी जर्मानिक ‘अन्-’, लॅटिन ‘इन्-’ आणि ग्रीक ‘अ-/अन्-’ हे तिन्ही एकाच आद्य इंडो-यूरोपीय नकारवाचकाचे वंशज असून संस्कृत ‘अ-/अन्-’ही त्यांच्याच पंक्तीतला. अभाव हा त्यांचा एकमेव अर्थ नव्हे. संस्कृत वैयाकरणांनी या नकारवाचक ‘अ-/अन्-’चे, म्हणजे नञ्‌चे सादृश्य, अभाव, भिन्नत्व, अल्पता, अप्राशस्त्य व विरोध असे सहा अर्थ मानले. त्यांची ‘अधर्म’ किंवा ‘अनुदरा’ (बारीक पोटाची) ही उदाहरणे पाहिल्यावर ‘अन्‌काइंड’ म्हणजे दयेचा नुसता अभाव नसून निष्ठुरता कशी, हे उलगडते. इंग्रजी शब्दांसाठीही ही वर्गवारी उपयुक्त वाटते. ‘अन्‌डू’, ‘अन्‌टाय’ यांतील क्रिया उलटविणारा ‘अन्-’ मात्र निराळा, जर्मन ‘एन्ट-’चा सगोत्र. हे दोन ‘अन्-’ एकरूप झाल्याने ‘अन्‌लॉकेबल’चे ‘कुलूप लावता न येणारे’ व ‘कुलूप उघडता येणारे’ असे दोन अर्थ संभवतात. ‘इन्-’नेही घोटाळा होतो. इंधनाच्या टँकरवर रंगवलेल्या ‘इन्फ्लेमेबल’मधील ‘इन्-’ नकारवाचक नाही. त्या शब्दाचा अर्थ ज्वालाग्राही असाच आहे.

‘लॅक’ या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. जुन्या इंग्रजीच्या उपलब्ध साहित्यात तो सापडत नाही. मध्य इंग्रजीत, बहुधा तेराव्या शतकाच्या आसपास, तो दिसू लागतो. एका मतानुसार तो जुन्या इंग्रजीतही असावा, फक्त लेखनात उतरला नसावा. दुसऱ्या मतानुसार तो मध्य डच किंवा मध्य निम्न जर्मनमधील ‘लाक’ (उणीव, दोष) या शब्दावरून उसना घेतलेला. मध्य इंग्रजीत त्याचे ‘दोष’ व ‘दोष देणे’ हेही अर्थ आढळतात, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक ठरते. लेखी पुरावा नसलेले रूप गृहीत धरण्याची गरजही त्यात उरत नाही.

‘वॉन्ट’चा उगम त्यामानाने स्पष्ट आहे. प्राचीन नॉर्समधील ‘वान्ता’ (उणे असणे) हे क्रियापद स्कँडिनेव्हियन वसाहतींमुळे इंग्रजीत आले. ‘हवे असणे’ हा आजचा मुख्य अर्थ अठराव्या शतकाच्या सुमारास रुळला असावा. चंद्रकला क्षीण होण्यासाठी वापरले जाणारे ‘वेन’, लॅटिन ‘वानुस’ (पोकळ, व्यर्थ) आणि संस्कृत ‘ऊन’ यांच्याशी त्याचे नाते जोडले जाते. ‘ऊन’पासूनच मराठीत ‘उणा’, ‘उणीव’ हे शब्द आले. ‘एकोणीस’मध्येही (एकोनविंशति, म्हणजे एक उणे वीस) तेच आहे.

‘डर्थ’ हे ‘डिअर’ (महाग) या विशेषणाचे भाववाचक नाम. महागाई, त्यावरून धान्यटंचाई व पुढे कशाचीही वाण असा त्याचा अर्थविस्तार झाला. १५९४ ते १५९७ या काळात इंग्लंडमध्ये लागोपाठ पिके बुडाली. त्या काळच्या वापरात महागाई आणि दुर्भिक्ष हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात सामावलेले होते.

‘अ‍ॅब्सेन्स’, ‘व्हॉइड’, ‘प्रायव्हेशन’ हे लॅटिन घराण्यातील शब्द. पहिले दोन फ्रेंचमार्फत आले. ‘झीरो’चा प्रवास अधिक लांबचा : संस्कृत ‘शून्य’चा अरबी पर्याय ‘सिफ्र’, त्यावरून पीसाच्या लेओनार्दो (फिबोनाची) या गणितज्ञाने १२०२ मध्ये योजलेले ‘झेफिरम’, मग इटालियन ‘झेरो’ आणि १६०० च्या सुमारास इंग्रजी. ‘सायफर’ हीदेखील ‘सिफ्र’चीच दुसरी शाखा.

विसाव्या शतकात ‘-फ्री’चा प्रसार वाढला. नसणे इष्ट असेल तेथे तो योजतात : ‘चाइल्डलेस’मध्ये उणीव सूचित होते, ‘चाइल्डफ्री’मध्ये स्वेच्छा. ‘फिअरलेस’, ‘पेनलेस’ यांसारख्या जुन्या शब्दांना हा भेद लागू पडत नाही.