पात सोडाची नाही

वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात स्तनाच्या कर्करोगाची गाठ हाताने कशी शोधायची याचं प्रशिक्षण चाललं होतं. टेबलावर सिलिकॉनचा एक स्तन ठेवला होता. हाताला मऊ, रंगाने मातकट, आत पाच गाठी लपवलेल्या. दहा-बारा आशाताई पाळीपाळीने चाचपून बघत होत्या. पहिल्या फेरीत बहुतेकींना दोनच गाठी लागल्या. बाकीच्या तीन खोल होत्या, एक तर पार काखेकडे.

सिस्टर समजावत होत्या. मधली तीन बोटं वापरायची, तीही टोकांनी नाही, पेरांच्या गादीने. एका जागी लहान गोल फिरवायचा, आधी हलका, मग जरा दाबून, मग बरगडी लागेपर्यंत. बोटं न उचलता तसंच खाली सरकायचं. काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत अशा उभ्या पट्ट्या पाडायच्या. मागे बसलेल्या एक ताई म्हणाल्या, "म्हंजे निंदाले बसल्यावानीच की. आपली पात सोडाची नाही."

पात म्हणजे निंदताना आपल्या वाट्याला आलेली ओळ. सिस्टरचं अर्ध्या तासाचं व्याख्यान त्या एका वाक्यात संपलं. दुसऱ्या फेरीत चार गाठी सापडू लागल्या.

हे बोटांचं शास्त्र मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या, मानाने अगदीच गावठी वाटतं. मलाही वाटायचं. पण या बोटांमागे एका संशोधकाच्या कारकिर्दीची वीसहून अधिक वर्षं आहेत, आणि ती कशात गेली हे कळायला आधी यंत्राकडे जावं लागतं.

एक्स-रे हाडं छान दाखवतो. स्तनात हाड नाही. चरबी, दुधाच्या ग्रंथी आणि तंतू एक्स-किरणांना अडवतात ते जवळपास सारखंच. १९१३ मध्ये बर्लिनचे सर्जन आल्बर्ट सालोमोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे काढले, तेव्हा काहींत त्यांना काळजीपूर्वक पाहिल्याशिवाय न दिसणारे बारीक कण आढळले. कॅल्शियमचे ते कण आजही रेडिओलॉजिस्टसाठी कर्करोगाची महत्त्वाची खूण आहेत. पुढे नाझी राजवटीत ज्यू म्हणून त्यांची जागा गेली, काम तिथेच राहिलं. उरुग्वेच्या राउल लेबोर्न यांनी स्तन दाबून सपाट केला तर चित्र स्पष्ट येतं हे दाखवलं, आणि १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये शार्ल ग्रो यांनी खास मॉलिब्डेनम या धातूची एक्स-रे नळी असलेलं यंत्र उभं केलं. मॅमोग्राफीचे किरण मुद्दाम कमी ताकदीचे, साधारण २५ ते ३० किलोव्होल्टचे असतात, म्हणजे मऊ ऊतींतला बारीक फरक उठून दिसतो.

तरी एक अडचण उरतेच. या चित्रात चरबी काळपट दिसते, ग्रंथी पांढऱ्या आणि गाठही पांढरीच. तरुण बाईचा स्तन ग्रंथींनी भरलेला असतो. घरात छतापर्यंत रचलेल्या कापसाच्या ढिगात पांढरी गुंडी हरवली तर जी गत होईल, तीच इथे. वय वाढतं तशा ग्रंथी ओसरून चरबी येते आणि गुंडी दिसायला लागते. म्हणून पन्नाशीनंतर हे यंत्र जास्त कामाचं ठरतं. आपल्याकडे मात्र रुग्ण पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी दहाएक वर्षं आधीच्या वयात येतात. त्यावरून मोबाइलवर बरीच भीती फिरते. आपल्या लोकसंख्येत तरुणच जास्त असल्याने रुग्णांचं सरासरी वय आपोआप खाली येतं, हे त्या मेसेजमध्ये नसतं.

आता खरा पेच. गाठ लवकर सापडली म्हणजे बाई जास्त जगली, असं होतंच असं नाही. विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून निघते. एकाने ती गोंदियाला पाहिली, दुसऱ्याने नागपूरला. वर्ध्याला पोचेपर्यंत पहिला म्हणेल, मी ही गाडी कितीतरी जास्त वेळ बघतोय. पण गाडी वर्ध्याला पोचायची तेव्हाच पोचली. निदानानंतर बाई किती वर्षं जगली एवढंच मोजलं, तर लवकर शोधणारी कुठलीही तपासणी उत्तमच ठरते, जीव वाचो न वाचो. त्यात काही गाड्या नागपूरच्या अजनी यार्डातच कायमच्या उभ्या राहतात. इतक्या संथ गाठी, की न सापडत्या तर बाईला आयुष्यभर कळल्याही नसत्या. सापडल्या की मात्र ऑपरेशन होतं.

यातून सुटायचा मार्ग एकच. हजारो निरोगी बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाची तपासणी करायची, दुसऱ्याची नाही, आणि मग वर्षानुवर्षं फक्त मृत्यू मोजायचे. न्यूयॉर्कचे रेडिओलॉजिस्ट फिलिप स्ट्रॅक्स यांची पत्नी १९४७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने गेली, वय ३९. १९६३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ सॅम शापिरो आणि सर्जन लुई व्हेनेट यांच्यासोबत त्यांनी सुमारे ६२,००० स्त्रियांची अशी पहिली चाचणी सुरू केली. यंत्र व्हॅनमध्ये बसवून त्यांनी ती मॅनहॅटनच्या कचेऱ्यांपाशी नेली आणि जेवणाच्या सुट्टीत बायकांना तपासलं. आपल्या तालुक्यांत शिबिराला येणाऱ्या व्हॅनची ही आजीच म्हणायची. या चाचणीत मृत्यू साधारण ३० टक्क्यांनी घटले. १९८५ मध्ये स्वीडनमधून रेडिओलॉजिस्ट लाझ्लो ताबार यांनी मृत्यूंत ३१ टक्के घट जाहीर केली. आणि २०१४ मध्ये कॅनडातून सुमारे ९०,००० स्त्रियांचा पंचवीस वर्षांचा हिशेब आला: मॅमोग्राफीने मृत्यूंत फरक नाही. तेव्हापासून दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ एकमेकांवर जे तुटून पडतात, ते पाहून ग्रामसभा बरी वाटते.

त्या कॅनडाच्या आकड्यांत एक गोष्ट दडली होती. पन्नाशीपुढच्या ज्या बायकांना मॅमोग्राफी दिली नाही, त्यांची दरवर्षी हाताने तपासणी होत होती. म्हणजे यंत्राची लढत प्रशिक्षित हाताशी होती, आणि हात हरला नव्हता.

मुंबईच्या टाटा मेमोरियलचे सर्जन इंद्रनील मित्रा यांनी नुसत्या हाताच्या तपासणीचाच कस लावायचं ठरवलं. १९९८ मध्ये सुरुवात झाली. मुंबईतल्या वस्त्यांचे २० गट, ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया. निम्म्या गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, हाताने तपासणी केली. बाकीच्यांना आजाराची माहिती दिली. पुढे घरोघरी जाऊन कोण आजारी, कोण गेलं, याची नोंद. निकाल छापून यायला २०२१ उजाडलं. प्रबंध, बढत्या आणि निवृत्तीची तारीख सांभाळून असं काम अंगावर घेणारे किती निघतील?

तपासलेल्या गटात रुग्ण आजार बळावलेल्या टप्प्यावर सापडण्याचं प्रमाण ३७ टक्के होतं, दुसऱ्यात ४७. स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू एकूणात १५ टक्क्यांनी कमी, पण एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. वयोगट वेगळे काढले तर पन्नाशीपुढे घट जवळपास ३० टक्के, पन्नाशीआत काही नाही. असे तुकडे पाडून काढलेले आकडे जपूनच घ्यावेत, पण सोडूनही देऊ नयेत.

स्वीडनमध्ये आता ८०,००० स्त्रियांच्या चाचणीत कृत्रिम बुद्धिमत्तेने मॅमोग्राम वाचायचं काम ४४ टक्क्यांनी हलकं केलंय. छान आहे. आमच्याकडे आधी वाचायला मॅमोग्राम तर हवा.

२०१६ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी सांगितली आहे. गाठ लागली की पुढे सोनोग्राफी. इथे एक गंमत आहे. पोर्टेबल सोनोग्राफी यंत्र पिशवीत घालून गावोगाव नेता येत नाही, कारण गर्भलिंगनिदानविरोधी कायदा. कायदा हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण परिणाम असा की यंत्र गाठीकडे येत नाही, गाठीलाच यंत्राकडे जावं लागतं. त्यानंतर सुईची तपासणी, आणि "सुई मारली की पसरते" ही निराधार समजूत वाटेत उभीच. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते सांगायलाही सुईच लागते.

त्या दिवशी प्रशिक्षण संपताना एक बाई दारात येऊन उभी राहिली. चाळिशीची, वेचणीवरून थेट आलेली, ओट्यातल्या कापसाचे पुंजके लुगड्याला चिकटलेले. पडद्यामागून सिस्टर बाहेर आल्या आणि बोराएवढी खूण करून दाखवली. किती दिवसांपासून? "पोळ्यापासून." तेव्हाच का नाही दाखवली? "दुखत नाही नं बाई, मंग काहून दाखवाची?"

कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. सिस्टर ते समजावू लागल्या, पण निंदणाची गोष्ट काढणाऱ्या ताई मधेच वही उघडून बसल्या. वर्ध्याची पहिली बस, आधार कार्ड, सोबत कोण. "सोमवारी नोको," बाई म्हणाली, "सोमवारी चुकारा भेटते." ताईंनी मंगळवार लिहिला, पुढे स्वतःचंही नाव टाकलं, आणि घरधन्याचा नंबर विचारला.