मुलुंडच्या मिठागरातले मर्सासिडिन आणि त्याची चार वलये

ऐरोलीचा पूल उतरून मुलुंडकडे येताना ठाणे खाडीलगत मिठागरे लागतात. मुलुंडच्याच एका मिठागरातल्या मातीतून हेक्स्ट इंडिया या औषध कंपनीच्या संशोधकांनी बॅसिलस प्रजातीतला एक जिवाणू वेगळा केला. त्याची ओळख आजही नोंदवहीतल्या क्रमांकानेच होते: एचआयएल वाय-८५,५४७२८. तो बनवत असलेल्या मर्सासिडिन या प्रतिजैविकाची सविस्तर माहिती १९९२ च्या शोधनिबंधांत आली. अवघ्या २० अमिनो आम्लांचा रेणू, वस्तुमान १८२५ डाल्टन (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचे वस्तुमान), आणि एवढ्याशा जागेत अणूंची चार बंद कडी, म्हणजे वलये. पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधांना दाद न देणाऱ्या एमआरएसए या जिवाणूवर ते प्रयोगशाळेत चालले, म्हणून त्याच्याकडे लक्ष गेले.

प्रतिजैविकातली वलये जोडते कोण, हा प्रश्न मात्र पेनिसिलिनइतका जुना. डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने पेनिसिलिनमधले चार अणूंचे बीटा-लॅक्टम वलय पक्के केले. हे वलय ताणलेले असते. औषधाची ताकद त्या ताणात, आणि ते पटकन निकामी होण्याचे कारणही त्यातच. बुरशी हे वलय कशापासून बनवते याचा धागा आर्नस्टीन आणि मॉरिस यांना १९६० मध्ये मिळाला: एसीव्ही नावाचे तीन अमिनो आम्लांचे सरळ पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. आयसोपेनिसिलिन एन सिंथेस हे एकटे एन्झाइम त्याची दोन्ही वलये बंद करते, आधी चार अणूंचे आणि मग गंधक असलेले पाच अणूंचे. त्यात चार हायड्रोजन निघतात, ऑक्सिजनचा एक रेणू खर्ची पडतो, पाण्याचे दोन रेणू तयार होतात. एन्झाइमच्या गाभ्यात फेरस लोह असते. ते फेरिक झाले की काम थांबते, म्हणून परीक्षानळीत फेरस सल्फेटबरोबर अ‍ॅस्कॉर्बेट आणि डीटीटी ही क्षपणकारक (लोहाला फेरिक होऊ न देणारी) रसायनेही घालतात.

सगळीकडे एवढी काटकसर नसते. व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकामध्ये ऑक्सी-बी, ऑक्सी-ए आणि ऑक्सी-सी अशी पी-४५० गटातली, लोह असलेली तीन एन्झाइम एकापाठोपाठ एकेक वलय बंद करतात, आणि हा क्रम चुकवून चालत नाही. एरिथ्रोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचे १४ अणूंचे वलय साखळी पूर्ण झाल्यावर शेवटच्या टोकाचा थायोएस्टरेस हा एन्झाइम-भाग बंद करतो.

मर्सासिडिनचे घराणे यांहून वेगळे, निसिन या जिवाणूंनी बनवलेल्या पेप्टाइडचे. निसिनचा माग १९२८ पासून लागतो. ग्रॉस आणि मोरेल यांनी १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली तेव्हा त्यात गंधकाच्या पुलाने जोडलेली पाच वलये निघाली. असली अमिनो आम्ले नेहमीच्या विसांत बसत नव्हती, तेव्हा हे पेप्टाइड रायबोसोमवर, म्हणजे जनुकानुसार प्रथिने बनवणाऱ्या पेशीतल्या यंत्रावर, तयार होत असेल का, अशी शंका साहजिकच होती. १९८८ मध्ये याच घराण्यातल्या एपिडर्मिनचे जनुक वाचले गेले आणि शंका मिटली. जनुकात साधे सिस्टीन, सेरीन आणि थ्रिओनिनच लिहिलेले होते. वलये नंतर पडतात.

ती कशी पडतात हे मर्सासिडिनमध्ये फार सुटसुटीत दिसते. जनुकांचा सगळा संच १२.३ किलोबेसचा. त्यातल्या एमआरएस-ए पासून ६८ अमिनो आम्लांचे पेप्टाइड बनते. पुढची ४८ म्हणजे लीडर, एन्झाइमला धरायला दिलेली मूठच म्हणा. उरलेली २० म्हणजे भावी औषध. एमआरएस-एम हे एन्झाइम पेशीचे ऊर्जावाहक एटीपी वापरून थ्रिओनिन-सेरीनवर फॉस्फेट चढवते आणि लगेच उतरवते. त्यासरशी पाण्याचा रेणू निघून जागेवर दुहेरी बंध उरतो. मग त्याच एन्झाइमच्या दुसऱ्या भागातले झिंक सिस्टीनच्या गंधकाला सक्रिय करते, आणि तो गंधक त्या दुहेरी बंधावर जाऊन जोडला जातो. पहिले वलय १ आणि २ क्रमांकाच्या शेजाऱ्यांत, दुसरे ४ ते १२, तिसरे १३ ते १८. चौथे १५ ते २०, पण तिथे एमआरएस-डी हे एफएडी या साहाय्यक रेणूची मदत घेणारे एन्झाइमही लागते: ते शेवटच्या सिस्टीनमधून कार्बन डायऑक्साइड आणि दोन हायड्रोजन काढते. तिसऱ्या वलयातले १७ वे ग्लुटामिक आम्ल बदलून अ‍ॅलॅनिन घातले, तर रेणूची मारकशक्तीच जाते.

हिशेब कागदावर जुळतो. लीडर वगळता कच्च्या पेप्टाइडचे वस्तुमान १९६१. पाण्याचे पाच रेणू गेले की ९० कमी, म्हणजे १८७१. एमआरएस-डीने ४६ काढले की १८२५.

घोळ होतो तो पुढे. पाणी गेले की वस्तुमान १८ ने घटते, पण वलय बंद होताना काहीच घटत नाही. म्हणजे वलये पडली आहेत की नुसतेच पाणी गेले आहे, हे रेणूचे वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर एकट्याने सांगू शकत नाही. त्यासाठी नमुना आधी क्षपणकारकाने मोकळा करून अंधारात, साधारण ८ पीएचला मोकळ्या सिस्टीनला चिकटणाऱ्या आयोडोअ‍ॅसिटामाइडबरोबर ठेवतात. मोकळ्या प्रत्येक सिस्टीनमागे वस्तुमान ५७ ने वाढते. चारही वलये बंद असतील तर आकडा हलत नाही. क्षपणाची पायरी गाळली तर दोन सिस्टीन आपसात डायसल्फाइड (गंधक-गंधक बंध) करून बसतात आणि बंद वलय असल्याचा भास देतात. २ डाल्टनची घट नजरेतून सहज निसटते. उलट आयोडोअ‍ॅसिटामाइड जास्त झाले किंवा फार वेळ राहिले तर ते अमाइन गटांवरही चढते आणि बंद वलय उघडे वाटू लागते. डीटीटी जपून वापरावे. त्याचे स्वतःचे थायॉल (गंधक-हायड्रोजन गट) दुहेरी बंधांना चिकटतात.

एन्झाइम शुद्ध करून परीक्षानळीत हे सगळे घडवणे बराच काळ जमले नव्हते. याच घराण्यातल्या लॅक्टिसिन ४८१ चे एकट्याने दोन्ही कामे करणारे एन्झाइम २००४ मध्ये नळीत चालले. निसिनचे पाणी काढणारे निस-बी मात्र अडूनच बसले होते. ते फॉस्फेट वापरतच नाही, ग्लुटामेट चढवते आणि तेही टी-आरएनए या अमिनो आम्ले वाहून आणणाऱ्या रेणूवरून उचलून, हे २०१५ मध्ये कळले. नळीत टी-आरएनए घातलेच नसेल तर ते चालणार कसे?

मर्सासिडिनचे औषध बाजारात आले नाही, पण त्याचे जनुकसंच आता दुसऱ्या जिवाणूंत घालून चालवले जातात. ई. कोलायमध्ये एमआरएस-एम आणि एमआरएस-डी आपापले काम करतात. तरी रेणू निष्क्रिय राहतो, कारण एमआरएस-टी हे लीडर कापणारे एन्झाइम लीडरची ४२ अमिनो आम्लेच कापते आणि सहा तशीच चिकटून राहतात. ती सहा काढणारे एप्र-ई हे प्रोटिएज (प्रथिने कापणारे एन्झाइम) मूळ बॅसिलस पेशीबाहेर सोडतो. ई. कोलायकडे ते नसते, तेव्हा ते वेगळे घालावे लागते.