वार्धक्यातील दृष्टिदोषांवरील उपकरण-चाचणी (खानदेश)

वाढत्या वयात डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मध्यभाग, म्हणजे पीतबिंदू, झिजू लागतो. मोतीबिंदूसारखे भिंग बदलून हे भागत नाही. प्रकाशयंत्र किंवा पडद्याखालची चिप अशा साधनांनी काही साधते का, हे रुग्णांवर ठरावीक नियमांनी तपासणे म्हणजे उपकरण-चाचणी. भारतात तिला वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू आहेत. केंद्रीय परवानगी आणि नीतिशास्त्र समितीची मान्यता तर लागतेच, शिवाय पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदही करावी लागते.

खरी मेख तुलनेच्या गटात असते. अमेरिकेतल्या ‘लाइटसाइट ३’ चाचणीत पीतबिंदूच्या झिजेच्या कोरड्या प्रकारच्या १०० रुग्णांत ५९०, ६६० व ८५० नॅनोमीटरचा प्रकाश तपासला. ३ ते ५ आठवड्यांत ९ बैठका, दर चार महिन्यांनी पुन्हा तेवढ्याच. १३ महिन्यांनी उपचार-गट सरासरी ५.४ अक्षरे जास्त वाचू लागला. पण उपचाराचा फक्त देखावा केलेला गटही ३ अक्षरे पुढे गेला होता. यंत्राची कमाई उरली सुमारे अडीच अक्षरे, म्हणजे तक्त्यावरची अर्धी ओळ. युरोपातल्या ‘प्रिमा’ चिपच्या चाचणीत (३८ रुग्ण, २×२ मिलिमीटरची चिप) असा गट नव्हता. प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या नजरेशी केली. तिथे लाभ मोठा दिसला, तसे शस्त्रक्रियेचे गंभीर दुष्परिणामही.

अर्ध्या ओळीचा हिशेब करायचा तर मोजणी पक्की हवी. ईटीडीआरएस हा नजर मोजण्याचा प्रमाण तक्ता ४ मीटरवर लावतात, दर ओळीत ५ अक्षरे असतात. ती रोमन. खानदेशातल्या निरक्षर आजीबाईंना वेगवेगळ्या बाजूंना फिरवलेल्या रोमन ‘ई’ची दिशा हाताने दाखवायला सांगावी लागते. पण दिशा चारच, त्यामुळे अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के; रोमन तक्त्यात एकूण वेगवेगळी अक्षरे १०, म्हणून तिथे ती १० टक्केच. एका रुग्णाला एकदा जो तक्ता लावला तोच शेवटपर्यंत ठेवावा. मध्येच बदलला की आकडे निकामी. आधी चष्म्याचा नंबर, मग तक्ता, बाहुली मोठी करणारे थेंब सगळ्यात शेवटी. हा क्रम गर्दीच्या ओपीडीत हमखास उलटतो. दोन वर्षांत मोतीबिंदू वाढला तर नजर उतरते आणि दोष यंत्रावर जातो, म्हणून डोळ्यातले भिंग किती गढूळ झाले ते दर भेटीत नोंदवतात.

संमतिपत्र नुसते मराठीत छापून भागत नाही. डोळ्याला ‘डोया’ म्हणणाऱ्याला ते अहिराणीत, सातपुड्याच्या बाजूला भिली किंवा पावरीत समजावावे लागते. वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्याशेजारी चाचणीशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही हवी. ‘खरं यंत्र लागेल की नुसता दिवा, हे तुम्हाला सांगणार नाही’ हे वाक्य गाळून घेतलेली संमती आम्ही संमती मानत नाही.

नऊ बैठकांचे वेळापत्रक दिवाळीनंतरच्या कापूस वेचणीत टाकले की गळती ठरलेली, कारण म्हाताऱ्यासोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते. धडगावहून धुळ्याला येण्याचे एसटी भाडे आणि सोबत्याचा खाडा संमतिपत्रातच लिहावा. मे महिन्यात थेंब घातलेल्या रुग्णाला बाहुली पूर्ववत होईपर्यंत, म्हणजे चार-सहा तास, काळा चष्मा द्यावा आणि परतीची गाडी संध्याकाळची धरावी.