रसायन-संच घरी वापरताना : बाटलीवरचे लेबल जपा

आमच्या लातूरच्या दुकानातून मुलांसाठी रसायन-संच नेणारे पालक काही महिन्यांनी रिकाम्या बाटल्या भरून घ्यायला येतात, तेव्हा बऱ्याच बाटल्यांवर लेबल नसते किंवा पूड भलत्याच डबीत काढलेली असते. तुरटी, नवसागर आणि धुण्याचा सोडा यांची पांढरी पूड नुसती पाहून ओळखता येत नाही, आणि चव घेऊन तर कधीच पाहू नये. म्हणून अशी बाटली आम्ही भरून देत नाही, याचा राग मानू नये.

त्याहून काळजीची बाब म्हणजे संपलेल्या रसायनाच्या जागी घरात हाताशी असलेले काहीतरी भरणे. मोसंबीच्या झाडांना बोर्डो पेस्ट लावण्यासाठी आणलेले मोरचूद, विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड आपल्याकडे अनेक घरांत असते. टीसीएलमध्ये ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो फुफ्फुसांना गंभीर इजा करू शकतो. मोरचुदाचे निळे खडे लहान भावंडांना भुरळ घालतात, पण पोटात गेल्यास ते विषारी आहेत. शीतपेयाच्या बाटलीत तर कोणतेही द्रावण ठेवूच नये.

‘ॲसिडच नाही, मग हा संच कसला?’ असे काही जण विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध आहेत आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला ते विकता येत नाही. परंतु हा आदेश नसता, तरी तीव्र ॲसिड आम्ही मुलांच्या हाती दिले नसते. खाण्याच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सोडण्याचे आणि निळा लिटमस लाल करण्याचे काम सायट्रिक ॲसिड चोख करते, म्हणून संचात तेच असते.

नंबरचा चष्मा बाजूंनी उघडा असल्याने संचातला सेफ्टी गॉगलच वापरावा. डोळ्यात काही उडाल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरून मग डॉक्टरांकडे जावे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा प्रयोगाआधीच बादली भरून ठेवावी. रसायन पोटात गेल्यास उलटी करवू नये, १०८ ला फोन करावा आणि लेबल असलेली बाटली दवाखान्यात सोबत न्यावी, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘काय घेतले?’ हाच असतो.

संचातील प्रत्येक रसायन मराठी लेबलच्या सीलबंद बाटलीत आमच्याकडे सुटेही मिळते. जुने लेबल फिकट होऊ लागले असल्यास ते वाचता येते तोवरच बाटली दुकानात आणावी. नवे लेबल आम्ही विनामूल्य लावून देतो.