मोटर विहिरीत सोडण्याआधी तिचा नंबर लिहून घ्या
(पाणबुडी मोटर, स्टार्टर, केबल घेणाऱ्या व रिवाइंडिंग करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

"रात्री मोटर गेली. पोलीस बिल मागतायत, तेवढं काढून द्या." उजनी धरणाचं पाणी मागं सरायला लागलं की दुकानात असे फोन सुरू होतात. मोटर घरापासून लांब काठावर, राखणीला कुणी नाही, आणि पाणी हटेल तशी केबल वाढवत न्यायची. चोर नेमका हाच काळ साधतात.

बिल आम्ही शोधून देतो, जुनं असलं तरी देतो. पण बिलानं फक्त मोटर घेतल्याचं कळतं. सापडलेली मोटर तीच, हे बिलावर मोटरचा नंबर असेल तरच सांगता येतं. आमचे बहुतेक ग्राहक इथंच अडकतात.

मागच्या उन्हाळ्यात पोलिसांनी काही चोर धरले. ठाण्याच्या आवारात मोटरी मांडून ठेवल्या होत्या, चिखलानं माखलेल्या, बऱ्याचशा एकाच कंपनीच्या. आमचे तीन ग्राहक ओळखायला गेले. दोघांना "आमचीच वाटतेय" याच्यापुढं काही सांगता आलं नाही. तिसऱ्याच्या मोटरची नंबर असलेली प्लेट चोरानं उपटली होती, पण बुडाला आम्ही ठोकलेला त्याचा गट नंबर शाबूत होता आणि तोच आमच्या बिलावर होता. कोर्टाचा आदेश झाल्यावर सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मोटर ताब्यात घेतल्याच्या कागदावर, सही करून त्यानं मोटर घरी नेली. उरलेल्या दोघांनी नवीन घेतली. दुकान आमचं असलं तरी असा धंदा आम्हाला नको वाटतो.

म्हणून मोटर गाडीत टाकायच्या आधी दहा मिनिटं थांबा, असं आम्ही म्हणतो. लाइटची वेळ गाठायची असते, हे आम्हालाही कळतं. तेवढ्या वेळात प्लेटचा फोटो काढतो, नंबर बिलावर लिहितो आणि तुमच्या नावाची अक्षरं व गट नंबर दोन ठिकाणी ठोकतो, एक दिसेल तिथं, एक सहजी न दिसणाऱ्या जागी. नव्या मोटरला आणि रिवाइंडिंगच्या कामाला याचे पैसे घेत नाही. केबलवर मीटरचे आकडे छापलेले असतील तर पहिला आणि शेवटचा आकडाही लिहून घ्या. अर्थात, चोरानं केबल जाळून तांबं काढलं की ओळख संपली. त्यामुळं केबलच्या बाबतीत तक्रारीला एक दिवसाचा उशीरही महाग पडतो.

तक्रारीला जाताना पुढच्या गोष्टी सांभाळा. ऑनलाइन 'गहाळ' नोंद करून थांबू नका, ती हरवलेल्या वस्तूसाठी असते. चोरीची फिर्याद द्या. पंचनामा होईपर्यंत केबलची कापलेली टोकं, तुटलेली पेटी हलवू नका. पीक वाळतंय म्हणून सकाळीच नवी जोडणी करून टाकली, तर पंचांना दाखवायला काही उरत नाही. पोलीस पाटलांनाही लगेच कळवा.

किंमत सांगताना नीट हिशेब करा. "जुनी होती, असेल दोन-तीन हजारांची" असं बरेच जण संकोचानं सांगून येतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात 5,000 रुपयांखालची चोरी अदखलपात्र ठरू शकते, आणि अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलिसांना कोर्टाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. मोटर, केबल, पाइप, स्टार्टर, जे जे गेलं ते सगळं धरा. वाढवून मात्र सांगू नका. आजच्या किमतीचा अंदाज आम्ही लेखी देतो.

आपल्याकडं घर इंदापुरात आणि मोटर करमाळ्याच्या काठावर, असंही असतं. हद्द कुणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. तिथून ती योग्य ठाण्याकडं जाते. प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. नोंद घ्यायला नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी कळवता येतं.

आता आमच्याविषयी एक तक्रार आमच्याही कानावर येते, की "ओळखीचा माणूस असून बिल देत नाही." कच्च्या पावतीवर घेतलेल्या मोटरचं मागच्या तारखेचं बिल आम्ही देत नाही आणि देणारही नाही. खोटा कागद तपासात उघडा पडला तर तुमची खरी फिर्यादही संशयात येते. त्याच कारणानं, अनोळखी माणूस रिवाइंडिंगला मोटर घेऊन आला तर आम्ही ओळखपत्र मागतो आणि नंबर वहीत उतरवतो. उद्या ती तुमचीच निघाली तर वही उपयोगी पडेल.

फिर्यादीची प्रत दाखवली तर उभ्या पिकासाठी आठ दिवस वापरायला मोटर देतो. फक्त ने-आण तुमची.

ज्यांच्या मोटरी आधीच पाण्यात आहेत, त्यांनी आत्ता वर काढायची गरज नाही. पाणी सरल्यावर मोटर पुढं हलवावी लागेलच. तेव्हा प्लेट पुसून फोटो घ्या आणि आमच्या नंबरवर पाठवा, किंवा मोटरच दुकानात आणा. दुसऱ्या दुकानातून घेतलेली असली तरी चालेल.